पती आणि आजोबा यांच्या मधली जागा

शरणपूर, नाशिक
५ नोव्हेंबर १९३४

प्रिय शमू,

सिस्टर अगाथा आम्हांला शिकवत असत की पत्राची सुरुवात समोरच्याच्या प्रकृतीची चौकशी करून करावी आणि आपलं रडगाणं दुसऱ्या पानावर ठेवावं. तेव्हा विचारते, तुझी प्रकृती कशी आहे? बरीच असणार. आजारी असतास तर कुणीतरी मला सांगितलं असतं, कारण धुळ्याहून आजवर जे काही कळलं ते दुसऱ्यांच्याच तोंडून कळलं. झाली चौकशी.

आता कामाचं लिहिते. तुझ्या बाबांचा दगड.

फेब्रुवारीत त्यांना जाऊन वर्ष होईल. तार तुला उशिरा मिळाली असं तू लिहिलं होतंस, आणि मी ते खरं धरून चालले आहे. त्यानंतरच्या इतक्या महिन्यांत मात्र उशिरा मिळण्यासारखं काही नव्हतं. धुळं काही विलायतेत नाही. असो. वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवावा ही आपल्या लोकांची रीत तुला माहीत आहे. नाही बसवला तर देवळातून बाहेर पडताना भागीबाई मला गाठते आणि विचारते, "मार्थाबाई, याकोबदादांचा दगड कुठवर आला?" जणू दगड धुळ्याहून चालत यायचा आहे.

दगड चिमाजी पाथरवट करतो आहे. तो एरवी जाती आणि पाटे घडवतो. नाव कोरून झालं आहे: याकोब गोटीराम शिरसाट. त्याखाली "एकनिष्ठ पती" आणि "प्रेमळ आजोबा" असं लिहायचं आहे. यातला "एकनिष्ठ" माझा आणि "प्रेमळ" तुझ्या एस्तूचा. बाकीचं त्यांचं स्वतःचं आहे. शेवटच्या आठवड्यात पाद्रीसाहेबांनी त्यांना विचारलं, मला धीर नव्हता. डोळे मिटूनच म्हणाले, "नवरा आणि आजोबा लिहा. बाप लिहू नका."

पाद्रीसाहेब गोंधळले. पाणी आणायला म्हणून मी आत गेले.

आता पाद्रीसाहेब म्हणतात, "पिता" लिहिलंच पाहिजे, नाहीतर वाचणारा विचारेल, मुलाशिवाय नातवंड आलं कुठून? भागीबाई म्हणते, मेलेल्याचा शब्द मोडू नये. चिमाजी म्हणतो, "बाई, एकदा छिन्नी बसली की मग खोडता येत नाय. काय ते ठरवा, लय दिवस दगड माझ्या अंगणात पडलाय, कोंबड्या बसतात त्याच्यावर."

म्हणून तुला विचारते. त्यांच्या शब्दाबाहेर जायचं तर मला कुणाचा तरी आधार हवा, आणि तो तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. मला ते नवरा म्हणून मिळाले, एस्तूला आजोबा म्हणून. बाप म्हणून ते जगात फक्त तुला मिळाले होते. ते बाप होते की नाही, हे तू सांग. चिमाजीला मी मध्ये जागा सोडायला सांगितली आहे.

एस्तू नवव्या वर्षात आहे. तुझ्यासारखीच पेन्सिलीचं बूड चावते. तिनं तुला सलाम सांगितला आहे. मी सांगितल्यावर सांगितला, हेही लिहिते, कारण खोटं लिहिण्याचं मला वळण नाही.

तुझी आई,
मार्था

*

शरणपूर
२३ नोव्हेंबर

शमू,

तुझं कार्ड मिळालं. "आपणांस योग्य वाटेल ते लिहावे." हे मुलाचं उत्तर आहे की मामलेदार कचेरीचा शेरा? खाली शिक्का तेवढा राहिला.

मला योग्य काय वाटतं हे विचारलंच नव्हतं. मला योग्य वाटतं ते असं, की माणसानं सत्तरीच्या आत मरू नये, घोड्यांचा वास लागलेल्या हातांनी बायकोच्या अंबाड्याला हात लावू नये, आणि बापलेकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं तर त्यांच्यामध्ये बसून भाजी वाढण्याचं काम तिसऱ्या माणसाला देऊ नये. एक वर्ष ते काम मी केलं. एकाच टोपलीतल्या भाकरी दोघं एकमेकांकडे न बघता उचलत होतात. "बाबांना सांग, मीठ द्या." "त्याला सांग, मीठ त्याच्या कोपरापाशी आहे." हातभर अंतरावरून मी निरोप पोचवत होते. टपालखात्यानंसुद्धा एवढी चाकरी केली नसेल.

आणि भांडण कशावरून, तर गोजराबाईवरून! तुला आता आठवत नसेल, आपल्याला वाईट दिसणाऱ्या गोष्टी पुरुषांना आठवत नाहीत. मला आठवतं. गोजराबाई माळीण फुलांची पाटी घेऊन स्टेशनवर गजरे विकायला जायची आणि जन्मात कधी वेळेवर निघाली नाही. ह्यांची ट्राम मेनरोडवर सुटायला झाली की तिकडून तिची हाक, "थांब रं दादा, आलेच!" आणि हे चारी घोडे आवरून बसायचे. आतले उतारू बडबडायचे. हे म्हणायचे, "धावत येणाऱ्याला सोडून जाता येत नाही. त्याला दिसतं ना गाडी जाताना." कंपनीनं समज दिली, साहेबानं बोलावून झापलं, काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी एका वकिलाची मेल चुकली. दुसऱ्या दिवसापासून वकील तुझ्या नव्या मोटारीत जायला लागले आणि त्यांच्यामागून अर्धं गाव गेलं.

मग अड्ड्यावर तू सगळ्यांच्या देखत म्हणालास, "बाबा, तुमच्या ट्रामपेक्षा गोजरामावशी चालत आधी पोचेल."

लोक हसले. गोजराबाईही हसली, ती मेली कशालाही हसते.

हे म्हणाले, "हस. पण ती धावत आली तर तू थांबशील का?"

"मोटारीला टाइम असतो, बाबा."

"मग तुझ्या मोटारीत मी मेलो तरी पाय ठेवणार नाही."

एवढंच. मी तिथं नव्हते, पण गोजराबाईनं मला हे इतक्यांदा सांगितलं आहे की स्वप्नातही म्हणून दाखवीन. वर्षभरानं तू मोटार अड्ड्यावरच्या सलीमला विकून धुळ्याला कारखान्यात निघून गेलास. एस्तू आजोबांच्या मांडीवरून उठेना, तिची आई जाऊन तेव्हा दोन वर्षंच झाली होती, म्हणून तिला ठेवून गेलास. न्यायला येतो म्हणालास. मग ट्रामही बंद झाली आणि घोडे विकले गेले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चांगला नाही, वाईटही नाही. ते मला जास्त लागलं.

त्यांचा हट्ट तुला माहीत आहे, पण बाकीचं माहीत आहे का? पुण्याहून शिकून मी इथं मुलींच्या शाळेत आले, तेव्हा माझी ट्रंक हमालानं भलतीकडेच उतरवली आणि मी स्टेशनाबाहेर येईपर्यंत ट्राम सुटली होती. बूट घालून, छत्री सांभाळत, एक हात टोपीवर ठेवून मी धावले. सिस्टरांनी पाहिलं असतं तर मूर्च्छा आली असती. गाडी थांबली. सगळे उतारू माझ्याकडे बघत होते. लगाम धरलेला माणूस तेवढा समोर बघत होता, मला लाज वाटू नये म्हणून. त्या पाठमोऱ्या माणसाशी मी लग्न केलं. माझ्या मैत्रिणी मिशनच्या मास्तरांशी आणि डॉक्टरांशी लग्न करून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मार्था, तू फ्रेंच शिकलीस ती घोड्यांशी बोलायला का?"

दर शनिवारी संध्याकाळी ते घोड्यांच्या साजाचं पितळ घासायचे आणि त्याच फडक्यानं माझे रविवारचे बूट. अडतीस वर्षं मी देवळात तेलाचा आणि घोड्याचा वास घेऊन गेले. किती वेळा सांगितलं, निराळं फडकं घ्या. "सिस्टर," मला ते असंच म्हणायचे, "चमक तीच आहे ना?" आता बूट मीच घासते, निराळ्या फडक्यानं. चमक येत नाही.

चिमाजीनं "एकनिष्ठ पती" कोरलं. जरा जागा सोडून "प्रेमळ आजोबा" कोरलं. ती जागा पाहून आले. तो म्हणतो, मध्ये "व" यायचा असं त्याला वाटलं होतं, म्हणून "व"पुरतीच सोडली, थोडी ऐसपैस. मी दुसरं काय सांगून आले होते? सगळे पुरुष अर्धंच ऐकतात.

नीट उत्तर दे.

आई

*

शरणपूर
१० डिसेंबर

शमू,

तुझं उत्तर नाही. न येवो. मला आज तुझ्याविषयी नाही, तुझ्या बाबांविषयी तक्रार करायची आहे, आणि दुसरं कुणी ऐकणारं नाही.

ट्राम गेल्यावर त्यांचा एक म्हातारा घोडा, मोती, नाशिकरोडला बारकू टांगेवाल्याकडे राहिला. दर शनिवारी दुपारी हे मूठभर चणे आणि गूळ घेऊन, एस्तूचा हात धरून, "मोतीला बघून येतो" म्हणून निघायचे. एवढ्या लांब कसे जाता विचारलं तर "भेटतं कुणीतरी ओळखीचं". मी म्हणायची, बैलगाडीवाला असेल एखादा. एकदा छत्रीशिवाय परत आले. माझ्या वडिलांची छत्री, हस्तिदंती मुठीची. "कुठं गेली?" तर म्हणाले, "मोतीनं खाल्ली." मी म्हटलं, मूठसुद्धा? म्हणाले, "म्हातारा झालाय, त्याला आता कळत नाही." आणि मी, सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली बाई, यावर विश्वास ठेवून बसले.

काल सलीम दारात उभा. हातात छत्री.

"माँजी, ही चाचांची. सीटच्या मागे सरकून पडली होती, काल गादी उसवली तेव्हा मिळाली. माफी असावी, लय उशीर झाला."

मी विचारलं, "ह्यांची छत्री तुझ्या मोटारीत कशी?"

त्यानं एस्तूकडे बघितलं. एस्तूनं छताकडे बघितलं. एकमेकांना सामील असलेली माणसं मला लगेच ओळखू येतात, शाळेत आयुष्य गेलं माझं.

"चाचा तर दर शनिवारी यायचे," सलीम म्हणाला. "पुढच्या सीटवर, माझ्या बाजूला. दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत. मधे ही बेबी."

"खोटं. ते म्हणाले होते पाय ठेवणार नाही म्हणून."

"नव्हतेच ठेवत." आणि तो हसायला लागला. "घोड्याचा तोबरा आणायचे बगलेत, ती तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. आधी तो खाली अंथरायचे, मग त्याच्यावर पाय. मी म्हटलं, चाचा हे काय? तर म्हणाले, 'माझा पाय माझ्या तोबऱ्यावर आहे. गाडीला लागला का? नाही ना? मग चल.'"

शमू, देवाच्या माणसानं देवाला असं फसवावं! आणि अड्ड्यावर दोन वर्षं सगळे बघत होते, गोजराबाईसुद्धा, आणि मला सांगितलं कुणी? कुणीही नाही. ती बाई तुझ्या भांडणाची कथा मला शंभरदा सांगू शकली, ही एक गोष्ट तेवढी तिच्या पोटात राहिली.

सलीम पुढं सांगत होता. "मला गाडी शिकवायचे. क्लच हळू सोड, घोड्याचं तोंड ओढल्यासारखा सोडू नको. आणि कुणी धावत आलं की माझा हात धरायचे. थांब. दोन साल माझी गाडी चाचांमुळे लेट झाली. नवा पॅसेंजर बसला की त्याला भोंगा दाखवायचे, 'हा माझ्या मुलानं बसवलाय.' मी म्हणायचो, चाचा, गाडी मी विकत घेतलीय ना. तर म्हणायचे, 'विकत घेतलीस ती गाडी. भोंगा शमूचाच.'"

तो गेल्यावर एस्तूला समोर उभं केलं. विचारलं, खोटं का बोललीस?

"मी नाही बोलले," ती म्हणाली. "तू विचारायचीस, मोती कसा आहे? मी सांगायची, बरा आहे. तो बराच होता."

"आणि तिथं आजोबा तुला काय सांगायचे?"

"सांगायचे, हे चाक तुझ्या पप्पांनी धरलेलं आहे. मग मी धरायची, गाडी उभी असताना." मग म्हणाली, "आजी, त्यांनी पप्पांना पत्र का नाही लिहिलं?"

मला काय माहीत? मला तर माझा नवरा दर शनिवारी कुठं जातो हेही माहीत नव्हतं.

आता एक लिहिते, जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही. "बाप लिहू नका" म्हटल्यावर ते आणखी काही बोलले होते. मी पाणी घेऊन उंबऱ्यात होते. "तेवढंच मला जमलं," असं म्हणाले. मला वाटलं तापात काहीतरी बोलत आहेत. आज छत्री मांडीवर घेऊन बसले आहे आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं आहे. ते तुझ्यावर रागावून तो शब्द गाळत नव्हते रे. आपल्याला तो लावायचा हक्क नाही, असं त्यांना वाटत होतं.

मी त्यांच्यावर इतकी चिडले आहे की ते समोर असते तर बोलले नसते. तुझ्याकडून निरोप पाठवला असता.

आई

*

शरणपूर
१९ जानेवारी १९३५

शमू,

पुन्हा कार्ड नाही, पुन्हा शेरा नाही. ठीक आहे. आता मी विचारत नाही, सांगते.

१२ फेब्रुवारीला वर्ष होतं. दुपारी चारला दगड बसेल. चिमाजी छिन्नी घेऊन कबरीपाशीच येणार आहे. तू आलास आणि सांगितलंस तर तो शब्द कोरील. नाही आलास तर त्या जागी "व" कोरील, आणि ते कायमचं. पाद्रीसाहेबांचं मी ऐकणार नाही, भागीबाईचंही नाही. मेलेल्या माणसानं आपल्याविषयी एक निकाल दिला आहे. तो फिरवायचा तर ज्याच्याविषयी गुन्हा, त्यानंच उभं राहून फिरवावा. कार्डावर चालणार नाही.

धुळ्याहून निघून चाळीसगावला गाडी बदललीस की दुपारी नाशिकरोडला पोचतोस. एस्तू सलीमच्या मोटारीत पुढं बसून स्टेशनवर येणार आहे. मी नको म्हटलं, ती ऐकत नाही. तू नाही आलास तर तिला परत आणण्याचं काम सलीमचं, समजूत काढण्याचं माझं. तुझ्याकडे काहीच काम नाही, हे लक्षात घे.

आई

*

शरणपूर
१८ फेब्रुवारी

प्रिय शमू,

तुझा जेवणाचा डबा इथंच राहिला. भाकरी तशीच्या तशी. एस्तूनं मुद्दाम तुझ्या पिशवीशेजारी ठेवला होता आणि तू पिशवी उचललीस, डबा नाही. तुझ्या वडिलांचा मुलगा शोभतोस. घोड्यानं खाल्ला म्हणून सांगू नकोस.

त्या दिवशी काय झालं हे मला तुझ्याकडून कळलं नाही, सलीमकडून कळलं, नेहमीप्रमाणे. मोटार सुटायची वेळ होऊन गेली होती. उतारू ओरडत होते. एस्तू पुढच्या सीटवरून उठेना आणि सलीमला चाकाला हात लावू देईना, "माझे पप्पा धावत येतायत." सलीम म्हणतो, धावत कुठले, तू स्टेशनाच्या पुलावर कठडा धरून उभा होतास आणि परतीच्या आगगाडीकडे बघत होतास. मग एस्तूनंच भोंगा दाबला. तुझा भोंगा. सलीम म्हणतो, त्यानं आजवर कुणाला एवढं पळताना पाहिलं नाही. आणि पाय ठेवताना तू खाली पाहिलंस, तिथं तोबरा अंथरलेला होता. एस्तूनं घरातून नेला होता, मला न विचारता.

कबरीपाशी तू बोलेनास. चिमाजी म्हणाला, "बोल की बाबा, मी काय समजायचं?" पाद्रीसाहेबांनी घड्याळ काढलं. गोजराबाई हार घेऊन उशिरा आली, ती वेगळी. तुझ्या तोंडून एवढंच निघालं, "होते. लिही."

पाद्रीसाहेब म्हणाले, "वत्सल पिता?" चिमाजी म्हणाला, "साहेब, एवढ्याशा जागेत एकटा बाप बसला तरी लय झालं." मग तो ठोकत होता आणि तू कपच्या हातानं बाजूला करत होतास. मला एवढं दिसलं, पुढचं दिसलं नाही. डोळ्यांचा त्रास आहे, तुला माहीत आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत एस्तूला धुळ्याला न्यायला येतो म्हणालास. ती ट्रंक भरून बसली आहे. अजून सुटीला अवकाश आहे असं सांगून मी थकले. ती म्हणते, उशीर झाला तरी चालेल, आपण थांबू.

काल आम्ही दोघी पुन्हा कबरीवर जाऊन आलो. त्या दिवशी गर्दीत दगड नीट बघता आला नव्हता. "पिता" वाकडा बसला आहे. "पती" आणि "आजोबा" यांनी जरा सरकून जागा दिल्यासारखा, दाटीवाटीनं, अंग चोरून. पाद्रीसाहेबांना तो डोळ्यांत खुपतो, चिमाजी म्हणतो दुसरा दगड घडवून देतो. मी नको म्हटलं. शेवटच्या क्षणी धावत येऊन ट्राममध्ये बसलेला माणूस असाच दिसायचा. बाकीचे कुरकुर करायचे, आणि पुढं लगाम धरून बसलेला समोर बघायचा, त्याला लाज वाटू नये म्हणून.

डबा सलीमबरोबर स्टेशनवर पाठवते, तिथून पार्सलानं येईल. घासून परत कर.

तुझी आई,
मार्था